थोरलीचा चेहरा

सोळावं लागताच शलाका चेहरा बदलण्याचा अर्ज घेऊन आईसमोर उभी राहिली. अठरापर्यंत पालकांची सही लागायची.

तिचा चेहरा आईने जन्माआधीच ठरवून घेतला होता. तापाने गेलेल्या थोरल्या ऊर्मीचा, हनुवटीवरच्या तिळासकट.

“एकदा गेली ती. आता माझ्याच सहीने पुन्हा घालवू?” आई म्हणाली.

“आई, आरशात मला ताईच दिसते गं. मी कशी आहे, ते मला माहीतच नाही.”

आई खूप रडली. मग तिने सही केली.

महिन्याभराने शलाका नवा चेहरा घेऊन घरी आली. आईने दार उघडलं, तिला न्याहाळलं. “ये, शलाका.” पहिल्यांदाच ती नाव चुकली नव्हती.

शलाका आत गेली. आई मात्र दार धरून उभीच राहिली, मागून अजून कुणी यायचं असल्यासारखी.