लाल गिटारीचं गिऱ्हाईक

सूरज पुण्यास्नं फोनवर म्हनायचा, "आये, गिटार न्यायला येतोच." म्हनून कोंडाबाई ती लाल, जुन्या घाटाची, चार दिस वाजवलेली इलेक्ट्रिक गिटार पदरानं पुसायची, ती घरात हाय तवर पोरगं येनार, ही तिची आस. पन आज त्यानं ती विकायला काढली आन् पानशेतचं गिऱ्हाईक धाडलं. कोंडाबाईनं त्याला चहा दिला. "सायेब, जपून. पोरानं ही वाजवली की तोरण्यावरनं बिबट्या उतरायचा, उंबऱ्यात बसून मान डोलवायचा. सूर चुकला की शेळी उचलायचा!" सायबानं रानाकडं बघितलं, कप अर्धाच ठेवला आन् गाडी काढली. कोंडाबाई गालात हसली, तेवढ्यात सूरजचा फोन. "आये, सायेब फोनवर नको म्हनला. त्यानं का न्हाई घेतली?" "घाबरट निघाला मेला. आता तूच ये न्यायला." "यायला कुठं जमतंय, आये? माझ्याकडं नवी हाय. ती ऱ्हाऊ दे तुलाच."