लियानकाकांचा कोट

म्यानमारमधल्या आमच्या चिन डोंगरातल्या चर्चमध्ये सगळे एकदमच मोठमोठ्याने प्रार्थना करतात, त्यामुळे कोण काय मागतंय ते फक्त देवालाच कळतं. त्या रविवारी जागृतीसाठी, म्हणजे देवाचा आत्मा उतरून गावाची मनं पालटावीत म्हणून, प्रार्थना चालली होती आणि सगळ्यांत वरचा आवाज लियानकाकांचा. "प्रभू, तुझा आत्मा ओत! हे गाव हलवून सोड!" घामाघूम होऊन त्यांनी अंगातला कोटही काढून ठेवला होता. ओरडून ओरडून घसा बसला, तसे ते दम घ्यायला थांबले. तेवढ्यात पलीकडच्या बायकांच्या बाकावरून त्यांच्या बायकोचा, तियालकाकूंचा आवाज कानावर आला.

"प्रभू, गावाचं राहू दे. आधी आमच्या ह्यांना हलव. ह्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून पोरीचं तोंड बघत नाहीत. नातू चालायला लागला रे!"

लियानकाका ताडकन उठले आणि दाराबाहेर पडले.

"अहो काका, कुठे?" चर्चचे पाळक ओरडले. "जागृती आता उतरेल, आणि तुम्ही चाललात?"

कोट हातात घेऊन तियालकाकू त्यांच्यामागे धावत सुटल्या होत्या. हसत होत्या, रडत होत्या.

"उतरली, पाळकसाहेब, उतरली! कोट विसरून लेकीकडे निघालीय बघा!"