हजेरीपटाबाहेर

चंद्रभानने स्कूटर बाबनराव सरांच्या फाटकाशी उभी केली, पण लगेच आत गेला नाही. मागे बसलेली देवकी उतरली आणि ओढणी सारखी करत म्हणाली, "बाबा, अजूनही परत जाऊ. मले ते इतवारीचं कॉलेज चालते."

"तुले चालते वं. मले नाही चालत."

१९८३ सालचा जून संपत आला होता. मोठ्या कॉलेजात देवकीचा नंबर पाच मार्कांनी हुकला होता. त्या कॉलेजाला नागपुरात सगळे नुसतं 'मोठं कॉलेज' म्हणत. नाव सांगायची गरज पडत नसे. इतवारीच्या सकाळच्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती आणि पोरगी राजी होती. चंद्रभानला मात्र आठ दिवस झाले तरी ते पटत नव्हतं. बायको गोपिका म्हणाली, शिकायचं पोरीनं आहे, इमारतीनं नाही. पण खरं कारण तिला कसं सांगणार?

एकवीस वर्षांपूर्वी त्याचाही नंबर तिथं असाच हुकला होता, चार मार्कांनी. उमरेडच्या विणकराचा मुलगा, इतवारीत रुपराव मामांकडे राहायला आलेला. नाव घातलं ते याच सकाळच्या कॉलेजात. मन मात्र तिकडे लागलं नाही. जुलैतल्या एका दुपारी तो मोठं कॉलेज नुसतं पाहायला म्हणून गेला, दगडी जिना चढला आणि एका वर्गाचं दार उघडं दिसलं तसा मागच्या बाकावर जाऊन बसला.

खिडक्या मिटलेल्या होत्या. एका फटीतून उन्हाची रेघ आत आली होती आणि टेबलावरच्या लोलकातून फुटून भिंतीवर पसरली होती. सर प्रकाशाबद्दल बोलत होते. जांभळा कुठं संपतो आणि अंधार कुठं सुरू होतो, हे पाहता पाहता घंटा झाली. चंद्रभान बाहेर आला तेव्हा सायकली, झाडं, माणसं, सगळं पाण्यातून पाहावं तसं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. मग दोन वर्षं जातच राहिला. हजेरी चालू असताना मान खाली घालायची आणि ती संपली की वर करायची. बाबनराव सर वर्गात येत तेव्हा त्यांच्या बाह्यांवर खडूची भुकटी असे. आधी पेलाभर पाणी ते गटागटा पीत आणि मग कागदाकडे न पाहता बोलू लागत. त्यांचा एकेक शब्द आधीच घासूनपुसून ठेवल्यासारखा येई.

इतवारीच्या कॉलेजात तो प्रयोगांपुरता जायचा आणि परीक्षेला बसायचा. तिथल्या वर्गाचं दारही त्यानं पाहिलं नव्हतं. सकाळी सातला तो मामांच्या गच्चीवर पडून आभाळ पाही आणि दुपारची वाट बघे. खालून मागाचा खटखट आवाज येई. मामा विचारत, "काहून जात नाहीस गा सकाळी?"

"तिथं काय शिकवतात, मामाजी," तो म्हणे आणि कुशीवर वळे.

पुढे सदरमधल्या चष्म्याच्या दुकानात तो भिंगं घासायला लागला. आता नागपूरजवळच्या वाडीला त्याचा स्वतःचा कारखाना होता. जमीन मोजणीच्या दुर्बिणींना लागणारी भिंगं तिथं तयार होत, बत्तीस माणसं कामाला होती. लोक म्हणत, मोठ्या कॉलेजचा माणूस आहे. त्यानं तसं कधी सांगितलं नव्हतं. फक्त कधी नाही म्हटलं नव्हतं. एखादं नवं भिंग उजेडाला धरलं की त्याला तीच भिंत दिसे, तेच रंग दिसत. आपल्याजवळ जे काही आहे ते तिथून आलं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

सर आता निवृत्त झाले होते, पण कॉलेजात त्यांच्या शब्दाला अजून मान होता. एक शब्द टाका, एवढंच म्हणायला तो आला होता.

ओसरीवर उतरतं ऊन आलं होतं. सरांनी दोघांना बसवलं, नाव विचारलं. नाव ऐकून त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"उमरेडचा?"

चंद्रभान चपापला, मग आतून सुखावला. सरांना आपण माहीत आहोत! ठरवून आणलेली वाक्यं त्यानंतर त्याला बोलता येईनात. मुलीसमोर त्यानं सगळं सांगून टाकलं: ते चार मार्क, तो जिना, हजेरीच्या वेळी खाली घातलेली मान. देवकी बापाकडे एखाद्या परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत राहिली.

"मी तुमचा विद्यार्थी नव्हतो, सर," तो शेवटी म्हणाला. "चोरून बसत होतो. पण आज जो काही आहे तो त्या कॉलेजमुळं आहे. मले हक्कानं बसता आलं नाही, या पोरीले बसता यावं. एवढं पाहा."

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"चोरून कसलं? मला ठाऊक होतं. तुझे मामा येऊन सांगून गेले होते, भाचा दुपारचा तिकडे जाऊन बसतो म्हणून. मीच म्हटलं, बसू द्या, बोलू नका त्याला."

"मामा? मोठ्या कॉलेजात आले होते?"

"तिथं नाही, इतवारीला. तेव्हा मी दोन्हीकडे शिकवत होतो." सर देवकीकडे वळले आणि हलकेच हसले. "तुझे बाबा दुपारी ऐकायचे ना, तो धडा माझा त्या दिवशी दुसऱ्यांदा सांगून व्हायचा, बेटा. पहिल्यांदा मी तो सकाळी सातला सांगितलेला असायचा, यांच्याच कॉलेजात, यांच्याच वर्गात."