मार्लूसची खिडकी
सभेत पुढाऱ्याच्या तोंडावर अंडं फोडणाऱ्या बाईचा कोट लाल होता, मार्लूसचाही लालच. तेवढ्यावरून सगळं हॉलंड तिचा फोटो फिरवून फोनवरून तिचा उद्धार करत होतं. आज तर माणसं खिडकीसमोर येऊन आत फोन रोखून उभी होती. त्या गल्लीत पडदे कुणीच लावत नसे; लावले की समजायचं, घरात काहीतरी काळंबेरं आहे. तिनं समोरच्या घरातल्या आन्सला फोन लावला. पलीकडे आपल्या खिडकीतल्या चिनीमातीच्या मांजराशेजारी आन्स दिसतच होती. "अगं, सभेच्या वेळी मी तुझ्याकडे वाटाणे सोलत होते. सांग ना त्यांना!" "सांगितलं गं! तर मलाच सामील धरलं. माझाही फोटो फिरतोय, बाई!" तेवढ्यात काचेवर अंडं फुटलं. मार्लूसनं घाबरून चादर खिडकीवर टांगली. लगेच फोनवर नवा फोटो आला: "लावलाच पडदा! म्हणजे हीच ती." फोटोच्या कोपऱ्यात चिनीमातीच्या मांजराचे कान होते.