जमावाची ओळ

"थांबा, ओरडू नका!" शैलेश ओरडला.

जमावाने उघडलेली तोंडं मिटली. चर्चच्या हॉलमध्ये शुभ शुक्रवारच्या नाटकाची शेवटची तालीम चालली होती. येशूचा निवाडा करणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताने हात धुतले होते, पाण्याचं घमेलं आत गेलं होतं, आणि आता जमावाने एकच ओळ म्हणायची होती. ती ओळ जवळ आली की दिग्दर्शक शैलेशला कधी ठसका लागे, कधी फोन येई.

"आमी वरडायचं का नाय तेवरं सांगा," जमावातला काशिराम म्हणाला. "मना डुटीवर जायचं हाय."

पहिल्या बाकावर पाळक शिनगारे नातीला मांडीवर घेऊन बसले होते. "शैलेश, ओळ राहिली."

"हो, ती जरा..."

"जरा काय?"

शैलेशने डोळ्यांनीच खाली खूण केली. पिलाताच्या पायाशी रिवकामावशी बसली होती. तोंडात टाचण्या धरून त्याच्या झग्याची किनार दुमडत होती. पनवेलात उरलेल्या मोजक्या बेने इस्रायल घरांपैकी एक तिचं. येशूच्या नाटकातले सगळे झगे दरवर्षी ही यहुदी बाई शिवायची आणि एकच अट घालायची. शुक्रवारी तिला शब्बाथचा दिवा लावायचा असे, म्हणून नाटक दिवेलागणीच्या आत संपलं पाहिजे. मग पहिल्या बाकावर बसून, आपल्याच शिवणीला नावं ठेवत, ती ते शेवटपर्यंत बघायची.

आजवर नाटक बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानावरून व्हायचं. यंदा मत्तयावरून होतं, आणि ही ओळ फक्त मत्तयात आहे. 'याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या लेकरांवर येवो.' म्हणणारा जमाव यहुद्यांचा. त्या ओळीपायी येशूच्या मरणाचा ठपका बसून मावशीच्या लोकांच्या वाट्याला जगभर काय काय आलं, ते शैलेशने वाचलं होतं. वाचल्यापासून त्याचं जेवणावरचं मन उडालं होतं.

"हे बघ," पाळक म्हणाले, "येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या आईचा प्रवेश तू मनाने घातलास, मी काढायला लावला. रुसलास, पण काढलास. मनाचं घालायचं नाही, तसं शास्त्रातलं गाळायचंही नाही. आज ओळ जड झाली, उद्या वधस्तंभ जड होईल." मग ते त्याच्याकडे झुकले. "मला काय मावशी दिसत नाहीत? पण शास्त्र माणूस बघून वाचायचं का?"

हे त्यांनी हळू म्हटलं, असं त्यांना वाटलं. सारी हयात माइकसमोर गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. रिवकामावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"मला ती ओळ माहीत आहे," ती म्हणाली. "शाळेत एका पोरीने ऐकवली होती. घरी येऊन बाबांना विचारलं, आपण कुणाला मारलं हो? बाबा म्हणाले, आपण? अगं, आपल्या पूर्वजांचं गलबत त्याच्या कितीतरी आधी इथे कोकणात, नवगावला फुटलं. आपण तेव्हा घाण्यावर तेल काढत होतो!"

जमाव हसला. तीही हसली. मग गुडघ्यावर हात देत उठली.

"शुक्रवारी मात्र मला जमायचं नाही रे शैलेश. वल्हांडणाच्या सणाची साफसफाई पडलीय."

वल्हांडण दरवर्षीच यायचा. साफसफाईपायी ती कधी अडली नव्हती. ओळ गाळली तर पाळक नाटक होऊ देणार नाहीत, ठेवली तर मावशीची जागा रिकामी. इकडे आड, तिकडे विहीर. शैलेश हॉलभर येरझाऱ्या घालू लागला. कळंबोलीहून आणलेल्या सळ्यांचे भाले भिंतीशी पडले होते. त्यांना लाथ मारली, तर पायालाच लागलं.

अंगठा चोळता चोळता तो थांबला.

"पाळकसाहेब, शास्त्रात ही ओळ म्हणतं कोण?"

"सगळे लोक."

"सगळे?"

"सगळे लोक, असंच लिहिलंय."

"मग चादरी गुंडाळलेल्या या सात-आठ जणांनीच का म्हणायची? काशिराम, उतरा खाली सगळे. बाकांवर बसा." तो घाईघाईने बोलत सुटला. "शुक्रवारी स्टेजवर जमाव नसेल. ओळ इथून येईल, बघायला आलेल्या माणसांतून. आपल्यातून. मनाचा एक शब्द घातला नाही, शास्त्रातला एक गाळला नाही. सुरुवात पहिल्या बाकाने करायची."

पाळकांनी यात खोट शोधली. सापडली नाही. खाकरून ते उभे राहिले. नात खाली उतरून त्यांच्या गुडघ्यांना टेकली.

"याचं रक्त आमच्यावर," आवाज रविवारच्या उपदेशाचा, खणखणीत. "आणि आमच्या..."

नातीने मान वर करून पाहिलं. आजोबा मोठ्याने बोलू लागले की तिला मजा वाटायची.

पुढचा शब्द येईना. पाळकांनी शैलेशकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. दोन्ही तळहातांनी त्यांनी नातीचे कान झाकले आणि अगदी हळू आवाजात ओळ पुरी केली.

"पाळकसाब," मागच्या बाकावरून काशिराम ओरडला, "मागं काय आयकू येत नाय!"

"मला आलं," रिवकामावशी म्हणाली. ती पुन्हा पिलाताच्या पायाशी बसली होती. "शैलेश, शुक्रवारी दिवेलागणीच्या आत संपेल ना रे?"