राहिलेला कोपरा

मार्लिसने गाडी वळणावरच थांबवली. ओढ्याकाठचं शेत काळं झालं होतं.

आठवड्यापूर्वी ती विचिटाला मुलीकडे गेली, तेव्हा इथे मांडीएवढी हिरवीगार राय उभी होती, मातीला पांघरूण म्हणून पेरलेलं गव्हासारखं गवत, आणि तिच्या बुडाशी तिपानी क्लोव्हरची दाटी. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगरलेली उघडी माती. कडेला पाच ट्रॅक्टर ओळीने उभे होते आणि त्यांच्या सावलीत गावातले पुरुष टोप्या काढून घाम पुसत बसले होते. तिची गाडी दिसताच सगळे उठून उभे राहिले.

रॉइस पुढे आला. चाळीस वर्षांचा शेजारी; गेल्या महिन्यात तिच्या नवऱ्याच्या, गेलनच्या शवपेटीला पहिला खांदा त्याचाच होता.

"अगं, तू उद्या येणार होतीस ना? सगळं उरकून मग तुला दाखवायचं ठरलं होतं आमचं!"

"हे... तुम्ही केलंत?"

"सगळ्यांनी मिळून. नांगरून झालं, खत टाकून झालं. फॉस्फेट तर चांगलं दुप्पट टाकलंय. तुझा नवरा त्या बाबतीत पक्का चिक्कू!" रॉइस हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. "लोक येता-जाता हसायचे गं त्याच्या गवताला. मीही हसलोय. म्हटलं, आता तो नाही, तर निदान त्याचं शेत तरी चारचौघांसारखं दिसू दे."

तिकडची रीतच आहे ही. शेतकरी गेला की शेजारी आपलं काम टाकून येतात आणि त्याचा हंगाम लावून देतात. येण्याआधी कुणी विचारत नाही, कारण विचारलं की तिथला माणूस 'नको' म्हणणार हे ठरलेलं. चांगुलपणापुढे कुणाचं काय चालतं?

दवाखान्यात शेवटी शेवटी गेलन बोलला तो या शेताबद्दलच. "नांगर लावू देऊ नकोस. राय आडवी लोळव आणि तिच्यातच सोयाबीन पेर." एवढ्या दुःखातही तिला हसू आलं होतं. "आता कोण बसलंय नांगर लावायला?" असं म्हणून तिने त्याला वचन दिलं होतं. बारा वर्षं त्या जमिनीला नांगर शिवला नव्हता. फॉस्फेट तिच्यात आधीच पोटभर होतं. वरून टाकलेलं सगळं पावसाबरोबर ओढ्यात जातं आणि पुढे तळ्यावर हिरवा तवंग धरतो, हे गेलन सांगून सांगून थकला. गावाने माना डोलावल्या आणि कॉफी प्यायली.

"मार्लिस? बरं वाटलं ना तुला?"

सगळे तिच्याकडे बघत होते. कुणाच्या दंडाला उन्हाचा चट्टा, कुणाच्या भुवयांवर धूळ. त्यांच्या स्वतःच्या पेरण्या अजून व्हायच्या होत्या.

"फार केलंत," ती म्हणाली. "गेलनचा तुम्हा सगळ्यांवर जीव होता." यात खोटं काहीच नव्हतं.

घरात बायकांची गर्दी होती. टेबलावर हॅमची सँडविचेस आणि दालचिनीचे गोड रोल मांडले होते. मार्लिसची नजर सवयीने खिडकीकडे गेली. तिथल्या दोन्ही बरण्या रिकाम्या होत्या.

"त्या होय?" रॉइसची बायको विल्मा म्हणाली. "चिखल होता गं दोन्हींत. घासून लख्ख केल्या."

एका बरणीत गेलनच्या शेतातलं ढेकूळ होतं, दुसरीत रॉइसच्या. न नांगरलेली माती कशी धरून राहते ते दाखवायला दोन्ही पाण्यात टाकलेली. रॉइसचं त्याच दिवशी विरघळून तळाशी बसलं. गेलनचं तसंच उभं राहिलं, आणि पाणी इतकं नितळ की त्यातून पलीकडचं अंगण दिसावं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो त्या बरण्या दाखवायचा. रॉइसला तर हटकून.

"एकीतलं ढेकूळ काही केल्या निघेना बाई," विल्मा सांगत होती. "शेवटी चमच्याने कोरून काढलं."

मार्लिस खुर्चीवर बसली आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला आवरेना. विल्माने तिला जवळ घेतलं. गेलनची आठवण आली बिचारीला, असं सगळ्या म्हणाल्या. तेही खरंच होतं.

उन्हं कलल्यावर माणसं पांगली. रॉइस दारात थांबला.

"पुलाजवळचा तिकोनी तुकडा तेवढा राहिलाय. मोठा ट्रॅक्टर तिथे वळेना. सकाळी लहान घेऊन येतो."

"नको रॉइस. तेवढा राहू दे."

"अगं, रस्त्यावरून दिसतं ते. शोभतं का?"

"राहू दे म्हटलं ना!"

"भीड कसली धरतेस? शेजारी कशाला असतात मग?" त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि तो गेला. सकाळी तो येणार, यात तिला शंका नव्हती.

ती अंगणात उभ्या असलेल्या गेलनच्या जुन्या पिकअपमध्ये बसली आणि गाडी पुलाशी घेऊन गेली. घरातली दोन-चार जाजमं अंथरता येतील एवढाच तुकडा उरला होता, पण राय ताठ उभी होती. मार्लिसने खाली वाकून तिच्या बुडाशी बोटं घातली. हात मनगटापर्यंत सहज आत गेला. आतली माती गार होती.

मग तिने पिकअप त्या तुकड्याच्या तोंडाशी आडवा लावला.

त्या भागात गाडीची किल्ली कुणी काढून नेत नाही. शेजाऱ्याला कधी गाडी लागली, तर असावी म्हणून ती आतच लटकत असते. गेलनने जन्मात कधी काढली नव्हती.

मार्लिसने किल्ली काढली आणि मुठीत घट्ट धरून ती चालत घरी आली.