तक्रार नाही

“याला आता हात लावण्यात अर्थ नाही,” बॉयलरवाला गुडघे झाडत उठला. “आतून पार सडलाय. नवाच बसवावा लागेल. मालकाला सांगा.”

“सांगते,” काकू म्हणाल्या.

दारात उभ्या असलेल्या नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. हिवाळ्याच्या तोंडावर त्या समोरच्या घरात राहायला आल्या, तेव्हापासून हे ‘सांगते’ ऐकत होत्या. मालक नावाचा प्राणी त्यांनी अजून पाहिला नव्हता. काका-काकूंचं भाडं मात्र पहिल्या तारखेला बिनबोभाट त्याच्याकडे पोचत होतं.

आतल्या खोलीत काका दोन रजया आणि वर ओव्हरकोट घेऊन पडले होते. नुकतेच न्यूमोनियातून उठले होते. घर तापवणारा बॉयलर बंद पडल्यापासून भिंतीला ओल आली होती, खिडकीची काच आतून गोठली होती. नर्सबाईंनी त्यांच्या पाठीला कान लावला. घरघर पुन्हा सुरू झाली होती.

“तो पाइप त्या कोपऱ्यातून नको, असं म्हणत होतो मी,” काका धापा टाकत म्हणाले. “बसवतानाच चूक झाली.”

“मालकाचा पाइप, मालकाची चूक. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?”

काकांनी डोळे मिटून घेतले.

नर्सबाईंनी काकूंना स्वयंपाकघरात नेलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. “ही खोली गरम झाली नाही, तर काका हा हिवाळा काढणार नाहीत. मी घाबरवत नाहीये. रोज बघते मी असे पेशंट.”

काकूंनी मान हलवली, फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. काचेतून फक्त त्यांची मान हलताना दिसत होती. फोन संपवून त्या आत आल्या, तेव्हा काकांनी पडल्या पडल्या विचारलं, “काय म्हणाला?”

“बघतो म्हणाला. सध्या ओढाताण आहे म्हणे.”

“आणि खोकला? गेला का त्याचा?”

“गेला म्हणे.”

नर्सबाईंना हसावं की रडावं कळेना. इथे स्वतःच्या छातीचा भाता झालाय आणि चौकशी कुणाच्या खोकल्याची, तर मालकाच्या! माणसानं गरीब गाय असावं, पण इतकं?

“काकू, सरळ तक्रार करा. या देशात तसा कायदाच आहे. हिवाळ्यात घर गरम ठेवणं मालकावर बंधनकारक आहे.”

“नको हो. उगाच विषय वाढतो.”

“घराबाहेर काढेल म्हणून भिता?”

ओटा पुसलेलाच होता, तो काकूंनी पुन्हा पुसायला घेतला. नर्सबाईंना वाटलं, आपल्याला कळलं. या वयात सामान उचलून जायचं तरी कुठे? त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

शेवटी तक्रार त्यांनीच केली. ड्यूटी बदलून घेतली, भाडेकरूंच्या कचेरीत रांग लावली, खिडकीतल्या बाईशी हुज्जत घातली. आठवड्याभरात तपासणी अधिकारी आला. नर्सबाईंनीच त्याला वर आणलं.

त्यानं खोलीत हातमोजे काढले नाहीत. बॉयलर पाहिला, ओल पाहिली, काकांकडे पाहिलं. माणूस चांगला होता. काकूंसमोर स्टूल ओढून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “आजी, बाकी मी बघतो. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की मालकाला कळवलं आणि त्यानं केलं नाही. नवा बॉयलर लगेच बसेल. मालकानं नाही बसवला, तर आम्ही बसवू आणि दंडासकट त्याच्याकडून वसूल करू. तुम्हाला इथून कुणी हलवू शकणार नाही. त्याची हमी माझी.”

नर्सबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. गंगेत घोडं न्हालं एकदाचं.

काकू शालीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “आम्हीच बंद ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “यांना उकडतं.”

बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

अधिकाऱ्यानं काकांकडे वळून विचारलं. रजयांच्या ढिगातून दात वाजत असल्याचा आवाज आला, मग उत्तर आलं. “हो. मला गरम सोसत नाही.”

“मालकाविरुद्ध काही तक्रार?”

“छे, छे. चांगला आहे तो.”

अधिकारी कागद आवरू लागला. मग उठला. जिन्यापर्यंत नर्सबाई त्याच्यामागे गेल्या, विनवण्या केल्या. “राहणाराच नाही म्हणतो बाई,” तो म्हणाला, “मी भांडू कुणाच्या वतीनं?”

नर्सबाई परत आल्या त्या तणतणत. “काकू, तुम्ही मारताय त्यांना. कळतंय का?”

“कळतं हो,” काकू म्हणाल्या. त्या खाली वाकून काकांच्या पायात आणखी एक मोजा चढवत होत्या. मोजा टाचेवर अडकला होता.

नर्सबाई घरी आल्या आणि खुर्चीत बसून रडल्या. हॉस्पिटलात इतकी माणसं गेली, तिथे निदान उपाय संपलेले असत. इथे उपाय दारापर्यंत आला होता आणि दोघांनी त्याला हात जोडून परत पाठवलं होतं.

संध्याकाळी जिन्यात बूट वाजले. नर्सबाईंनी दार उघडलं. लोकरीच्या जाड कोटातला एक गृहस्थ समोरच्या बेलवर बोट ठेवून उभा होता.

“आपण कोण?”

“या घराचा मालक.”

हाच तो! एवढे दिवस साठवलेलं सगळं नर्सबाईंच्या जिभेवर आलं, कुठून सुरुवात करावी तेवढंच ठरेना. “तक्रार मी केली होती,” त्या म्हणाल्या. “त्यांनी नाही. त्यांना त्रास द्यायचा नाही.”

“कळलं मला कचेरीतून,” तो शांतपणे म्हणाला.

काकूंनी दार उघडलं. आतला गारठा जिन्यापर्यंत आला, तशी त्यानं कोटाची कॉलर वर केली आणि घाईघाईनं विचारलं, “आई, त्या साहेबांपुढे बाबा काही बोलले तर नाहीत ना?”